गप्प झालेला रिसिव्हर परवडला

गुलबर्ग्याकडच्या आळंद तालुक्यात जमिनीची मोजणी म्हणजे अजूनही चार माणसं जमवून बघायचं काम आहे. पूर्वी साखळी ओढणारा माणूस दिसायचा, साखळी कुठे सैल पडली यावर भांडता यायचं. आता मोजणीवाला बांधाच्या कोपऱ्यात काठी उभी करतो. तिच्या टोकाला पांढरी तबकडी, कमरेच्या उंचीवर छोटा पडदा. दोन्हीकडचे भाऊबंद त्याच्या तोंडाकडे बघत उभे राहतात. ‘फिक्स’ म्हणाला की खुंटी ठोकायची, ‘फ्लोट’ म्हणाला की थांबायचं. फिक्समध्ये जागा दोन-तीन सेंटिमीटरांत सापडते. फ्लोटमध्ये चूक हातभर होऊ शकते. गुंठ्याची एक बाजू ३३ फूट, म्हणजे साधारण १० मीटर. तिथे बांध अर्धा मीटर सरकला तर गुंठ्याचा विसावा भाग शेजाऱ्याच्या घरात गेला. या भागात एवढ्यावरून दोन पिढ्या कोर्टात गेलेल्या आहेत.

भालकीच्या मराठी घरात वाढलेल्या, गुलबर्ग्यात इंजिनिअरिंग शिकलेल्या एका बाईंना या काठीबद्दल अधूनमधून फोन येतात. त्यांचं पोट बंगळूरच्या एका प्रयोगशाळेवर. काम एकच, उपग्रहांवरून जागा सांगणाऱ्या रिसिव्हरना मुद्दाम त्रास द्यायचा आणि ते कधी कोलमडतात हे मोजायचं. गावाकडे याचा अर्थ ‘जीपीएसवाल्या बाई’ एवढाच झाला आहे. फोनवरचं वाक्यही ठरलेलं असतं. “अक्का, फिक्स येईना झालंय. टावरमुळंच होतंय बघा.”

टॉवरवर संशय घेण्यात गावाची चूक नाही. तो दिसतो, उंच असतो आणि कंपनीचा असतो. पण बाईंचा पहिला प्रश्न टॉवरबद्दल नसतोच. त्या विचारतात, “सगळे उपग्रह एकदम पडले की एकेक करून?” या प्रश्नाचं महत्त्व कळायला आधी रिसिव्हरच्या वाट्याला काय येतं ते बघायला हवं.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून १५७५.४२ मेगाहर्ट्झवर बोलतात. आपल्या ‘नाविक’चे त्याहून दूर, ३६,००० किलोमीटरच्या आसपास असतात. जमिनीवर पोचेपर्यंत जीपीएसच्या संदेशाची ताकद उणे १२८.५ डीबीएम एवढीच हमखास उरते. एकावर सोळा शून्यं लिहावीत आणि त्या आकड्याने एका वॅटला भागावं, साधारण तेवढी. रिसिव्हरच्या स्वतःच्या भागांत उष्णतेने जो गोंगाट चालू असतो तो याच्या कितीतरी पट मोठा. संदेश त्या गोंगाटाच्या खाली गाडलेला असतो, आणि रिसिव्हर तो उकरून काढतो तो केवळ त्याची चाल आधीपासून पाठ असल्यामुळे. गुलबर्ग्यात शरणबसवेश्वराच्या जत्रेत रथाभोवती हजारो लोक ओरडत असताना आपल्या गल्लीतल्या भजनाची चाल ओळखू यावी, तसं. जीपीएसच्या नागरी संदेशाची ही चाल १०२३ चिन्हांची असते आणि दर मिलिसेकंदाला पुन्हा सुरू होते. पुन्हापुन्हा जुळवून बघितली की गोंगाट एकमेकांना खातो आणि चाल वर येते.

ती किती वर आली याचा आकडा रिसिव्हर प्रत्येक उपग्रहासाठी स्वतंत्र देतो. संदेशाची ताकद आणि गोंगाटाची घनता यांचं ते गुणोत्तर, डेसिबल-हर्ट्झमध्ये. मोकळ्या आकाशाखाली ४५ च्या आसपास दिसलं तर तब्येत ठणठणीत. पस्तिशीखाली मोजणीचं सेंटिमीटरवालं काम कुरकुरायला लागतं. पंचविशीखाली उपग्रह हातात ठेवणंच अवघड. बाईंच्या सगळ्या नोकरीचा कणा हा आकडा आहे. नकाशावरचा ठिपका नाही.

हे प्रयोग उघड्यावर करता येत नाहीत. आपल्याकडे जॅमर, जीपीएस ब्लॉकर वापरणं सरकारच्या खास परवानगीशिवाय बेकायदा आहे. दूरसंचार विभागाने २०२२ मध्ये लोकांसाठी सूचना काढून ते पुन्हा बजावलं. जगात फार थोड्या ठिकाणी सरकारच उघड्यावर जॅमर लावून लोकांना मोजायला बोलावतं. नॉर्वेच्या आंडोया बेटावरच्या ब्लेक गावाजवळ २०२२ पासून अशी शिबिरं होतात. बाकी सगळं काम केबलमध्ये चालतं. एका बाजूला उपग्रहांची नक्कल करणारं यंत्र, दुसऱ्या बाजूला गोंगाट तयार करणारा जनरेटर, दोन्ही केबल एका जोडणीत येतात, मध्ये ताकद कमी करणारे अटेन्युएटर, शेवटी बिचारा रिसिव्हर. अँटेना नाही, आकाश नाही. बाहेरून बघणाऱ्याला यात पाहण्यासारखं काही नाही. टेबल, वायरी आणि संथपणे चढणारे आकडे.

पद्धत जिन्यासारखी. आधी गोंगाट बंद ठेवून स्वच्छ आकडे घ्यायचे. मग एकेक डेसिबलने चढायचं. प्रत्येक पायरीवर थांबायचं, कारण रिसिव्हर हुशार असतो, खरं मोजमाप बिघडलं तरी काही काळ मागच्या अंदाजावर रेटून नेतो. घाई केली की तो होता त्यापेक्षा कणखर वाटतो. वर गेल्यावर त्याच पायऱ्या उतरायच्या, आणि इथे नवशिके दचकतात. चढताना ज्या पायरीवर उपग्रह सुटला, उतरताना त्याच पायरीवर तो परत सापडत नाही. बरंच खाली यावं लागतं. धरून ठेवणं सोपं, हरवलेलं शोधणं कठीण. विमानांच्या रिसिव्हरसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात हा फरक ६ डेसिबल धरला आहे. जीपीएसच्या पट्ट्यातला एकसुरी हस्तक्षेप उणे १२०.५ डीबीएमपर्यंत असला तरी चालू असलेलं काम चालूच राहिलं पाहिजे. पण नव्याने उपग्रह पकडायचे असतील तर हस्तक्षेप याच्या चौथाईवर असायला हवा.

एकसुरी हस्तक्षेप हा प्रकार वात्रट आहे. जीपीएसची चाल दर मिलिसेकंदाला फिरून येत असल्यामुळे तिचा वर्णपट सलग नसतो. एकेक किलोहर्ट्झ अंतरावर बारीक रेषा असतात, काही ठळक, काही फिकट, आणि प्रत्येक उपग्रहाच्या वेगळ्या. हस्तक्षेपाचा सूर नेमका एखाद्या ठळक रेषेवर बसला तर तो एकच उपग्रह आजारी पडतो, बाकीचे मजेत. उपग्रह आणि रिसिव्हर यांच्यातल्या वेगाने वारंवारता सरकत राहते, म्हणून थोड्या वेळाने तो बरा होतो आणि दुसरा पडतो. त्यामुळे “मी अमुक ताकदीवर तपासलं, काही झालं नाही” या वाक्याला फारसा अर्थ नसतो. सूर अर्धा किलोहर्ट्झ सरकवून पुन्हा तपासलं का, हे विचारावं लागतं.

‘नाविक’चं दुखणं वेगळं. त्याचा एक संदेश २४९२.०२८ मेगाहर्ट्झवर येतो आणि आपल्या घरोघरच्या वायफायचा पट्टा २४८३.५ ला संपतो. मध्ये साडेआठ मेगाहर्ट्झचा बांध. ३६,००० किलोमीटरवरून आलेला पाहुणा आणि कपाटावर ठेवलेला राउटर यांच्यात एवढंच अंतर. चांगला फिल्टर नसेल तर काय होतं ते पाहायला बाईंना जनरेटरसुद्धा लावावा लागत नाही.

या जिन्यावर रिसिव्हर एका ठरावीक क्रमाने ढासळतो. आधी आकडे घसरतात, ठिपका जागेवरच असतो. मग लहरींचं बारीक मोजमाप अडखळतं आणि फिक्सचा फ्लोट होतो. त्यापुढे उपग्रह एकेक सुटतात आणि उरलेल्या चार-पाचांवर काहीबाही ठिपका दिला जातो. सर्वांत शेवटी पडदा कोरा होतो. भीती लोकांना कोऱ्या पडद्याची वाटते. बाईंना त्याच्या आधीच्या टप्प्याची वाटते, कारण तिथे रिसिव्हर बोलत असतो, ठामपणे बोलत असतो आणि चुकीचं बोलत असतो. ब्रिटनमध्ये दीपगृहांचं काम पाहणाऱ्या यंत्रणांनी २००८ मध्ये फ्लॅमबरो हेड या भूशिराजवळ परवानगीने जॅमर लावून जहाजावरून चाचण्या घेतल्या, तेव्हा हेच दिसलं. यंत्रांनी गप्प बसण्याऐवजी जहाजाच्या जागा भलतीकडेच दाखवल्या.

याच क्रमावरून अमेरिकेत मोठं रण माजलं होतं. लाइटस्क्वेअर नावाच्या कंपनीला जीपीएसच्या शेजारच्या पट्ट्यात, १५२५ ते १५५९ मेगाहर्ट्झमध्ये, जमिनीवरून मोबाइल इंटरनेट चालवायचं होतं. २०११ साली सरकारी चाचण्या झाल्या, सर्वसाधारण वापराच्या बहुसंख्य रिसिव्हरना त्रास झाला, आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये नियामक संस्था परवानगी मागे घेण्याकडे वळली. मे महिन्यात कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. पुढे तीच कंपनी लिगाडो या नावाने परतली, अमेरिकी परिवहन खात्याने एप्रिल २०१६ मध्ये व्हाइट सँड्सच्या रेडिओलहरी शोषणाऱ्या कक्षात ८० रिसिव्हर तपासले आणि वाद पुन्हा पेटला. भांडणाचं मूळ एका डेसिबलमध्ये होतं. जीपीएसच्या बाजूचे म्हणत, आकडा एका डेसिबलने पडला की हस्तक्षेप हानिकारक धरा. कंपनीच्या बाजूचे म्हणत, ठिपका हललाच नाही तर हानी कसली?

वरवर पाहता दुसरा मुद्दा व्यवहारी वाटतो. पण एक डेसिबल म्हणजे गोंगाट सव्वापट झाला. मोकळ्या माळावर उभ्या रिसिव्हरला तो सोसतो. तोच रिसिव्हर चिंचेच्या झाडाखाली, वाड्याच्या भिंतीला लागून, काठावर पास होत उभा असेल तर हा एक डेसिबल त्याला नापास करतो. शिवाय पहिल्या शेजाऱ्याला एक डेसिबल दिला की दुसरा येतो, तिसरा येतो. बाई या बाबतीत कर्मठ आहेत. ठिपका हलेपर्यंत थांबणाऱ्याने मोजमाप केलंच नाही, तो फक्त अपघाताची वाट बघत होता, असं त्या म्हणतात. हे थोडं टोकाचं आहे. पण चूक नाही.

आता टॉवरकडे. आळंदच्या रस्त्याला एका वळणाजवळ रोव्हर, म्हणजे मोजणीची ती काठी, सतत फ्लोटमध्ये जातो अशी तक्रार आली, आणि सुट्टीवर आलेल्या बाई छोटा स्पेक्ट्रम अ‍ॅनलायझर घेऊन गेल्या. कागदावर टॉवर निर्दोष नसतो. ७०० मेगाहर्ट्झच्या मोबाइल पट्ट्यात टॉवरकडून फोनकडे जाणारे संदेश ७५८ ते ८०३ मध्ये असतात. त्यातल्या ७८७.७१ ची दुप्पट करून पाहा, बरोबर १५७५.४२ येते. फिल्टर नीट असेल तर ही दुप्पट बाहेर पडत नाही, पण ‘असेल तर’ हे शब्द मोजूनच काढायचे असतात. मोजल्यावर टॉवर स्वच्छ निघाला. त्रास होता रस्त्यावरून हलणारा. मोजणीसाठी सोबत आणलेली भाड्याची गाडी जवळ आली की सगळे आकडे एकसाथ खाली, लांब गेली की वर. गाडीत काचेला चिकटवलेला स्वस्तातला कॅमेरा होता. आतलं सर्किट झाकलेलं नाही, वायरीला फिल्टर नाही, त्याची वायर काढली आणि आकडे वर आले. ड्रायव्हरला पटेना. “एवढुसा कॅमेरा, मॅडम? आन् टावर सोडून?” काकांनी, म्हणजे ज्यांची जमीन मोजायची होती त्यांनी, तेवढ्यात गाडी ओढ्यापलीकडे लावून यायला फर्मावलं आणि प्रश्न संपला.

हे ऐकून हसणाऱ्यांसाठी मॉस लँडिंगचं उदाहरण आहे. कॅलिफोर्नियाच्या या बंदरात २००१ मध्ये अख्ख्या धक्क्यावर जीपीएस बंद पडलं. शोध घेणाऱ्यांना वाटलं असेल, काहीतरी मोठं असणार. सापडलं काय, तर टीव्हीच्या अँटेनांमधले बिघडलेले बूस्टर. संदेश वाढवण्यासाठी बसवलेले ते छोटे अ‍ॅम्प्लिफायर स्वतःच प्रसारण करू लागले होते. एक बंद केला तरी त्रास संपेना, कारण असे एकाहून अधिक होते. आपल्याकडेही भाड्याने आणलेल्या गाड्या आणि स्वस्त चार्जर कमी नाहीत.

मग त्या पहिल्या प्रश्नाचं काय? सगळे एकदम की एकेक? हा प्रश्न बाईंना एका मार्चने शिकवला. उन्हामुळे दुपारी काम बंद, म्हणून पक्क्या खुणांच्या नोंदी सूर्यास्तानंतरही चालू ठेवल्या होत्या. आठच्या सुमारास उपग्रह लुकलुकायला लागले. आधी दक्षिणेकडचा एक, मग त्याच्या बाजूचा, पुन्हा पहिला. गाडी दूर होती, कॅमेरा नव्हता. रिसिव्हरमधला एक आकडा मात्र जराही हलला नव्हता. आत येणारी एकूण ताकद बघून रिसिव्हर आपला कान कमी-जास्त करत असतो, त्याचा हा आकडा. जवळ कुणी ओरडलं तर तो लगेच हलतो. तो शांत आणि उपग्रह एकेक करून डळमळीत, म्हणजे कुणी ओरडत नव्हतं, येणारा आवाजच वाटेत विरत होता.

ती वाट आयनमंडलातून येते. भूचुंबकीय विषुववृत्ताच्या आसपासच्या पट्ट्यात सूर्यास्तानंतर या थरात विरळ बुडबुडे उठतात आणि त्यातून येणाऱ्या लहरी विस्कटतात. मार्च आणि सप्टेंबरच्या आगेमागे, सूर्य जास्त तापट असलेल्या वर्षांत, हे जोरात असतं. सध्याच्या सौरचक्राचा चढ २०२४ च्या सुमाराचा. गुलबर्गा १७.३ अंश उत्तरेला, म्हणजे या पट्ट्याच्या पंखाखालीच. शेजारच्या हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठाच्या नॅव्हिगेशन संशोधन केंद्राने अशा गोष्टींवर बरंच काम केलं आहे. विमानांना मदत करणाऱ्या आपल्या ‘गगन’ यंत्रणेलाही आयनमंडलाची डोकेदुखी युरोप-अमेरिकेपेक्षा जास्त झेलावी लागली. तरी २१ एप्रिल २०१५ रोजी तिला विमान उतरवण्याच्या कामासाठी प्रमाणपत्र मिळालं. मार्चमधल्या त्या संध्याकाळी टॉवरवाल्याला शिव्या देऊन उपयोग नव्हता, कॅमेरा उपटूनही नाही. औषध एकच, ते तास सोडून द्यायचे.

मुद्दाम केलेला हस्तक्षेप या भागात बाईंनी मोजलेला नाही. पण तो किती स्वस्त आहे याचं गणित त्या कुणालाही मांडून दाखवतात. दहा मिलिवॅटचा जॅमर घ्या. सिगारेट लायटरच्या खोबणीत बसणारी ही खेळणी, कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये अशी १८ तपासली होती. मोकळ्या माळावर, मध्ये काही आड नसेल तर, एक किलोमीटरवर त्याचा आवाज उपग्रहाच्या संदेशापेक्षा सुमारे ४२ डेसिबलने, म्हणजे १५ हजार पटींहून जास्त मोठा. साधा रिसिव्हर तिथे संपला. दहा किलोमीटरवर तो जिवंत राहतो, ठिपकाही देतो, पण आकडे सात डेसिबलने उतरलेले. जमिनीची गोलाई, झाडं, घरं यामुळे प्रत्यक्षात मुलूख बराच आकसतो. तरीही एका ट्रकचालकाने मालकाला आपला ठावठिकाणा कळू नये म्हणून लावलेल्या अशाच खेळण्याने अमेरिकेतल्या न्यूअर्क विमानतळावरची चाचणीतली यंत्रणा बिघडवली. २०१३ मध्ये त्याला ३१,८७५ डॉलर दंड लागला.

फसवणुकीचा प्रकार याहून वाईट. त्यात गोंगाट नसतो, खोटा उपग्रहच असतो. नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात सीमाभागात, मुख्यतः अमृतसर आणि जम्मूकडे, विमानांनी अशा हस्तक्षेपाच्या ४६५ घटना कळवल्याचं सरकारने लोकसभेत सांगितलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये तक्रारी थेट दिल्ली विमानतळाच्या परिसरातून आल्या. इथे आकडे घसरत नाहीत, उलट संशय यावा इतके छान आणि सगळ्या उपग्रहांचे सारखे दिसतात. खऱ्या आकाशात डोक्यावरचा उपग्रह ठळक आणि क्षितिजाजवळचा फिकट असतो. सगळेच सारखे ठळक दिसले की बाईंचा हात वहीकडे जातो.

हे सगळं तपासायला प्रयोगशाळा लागतेच असं नाही. अँड्रॉइड फोन आता उपग्रहांची कच्ची मोजमापं देतात. प्रत्येक उपग्रहाचा आकडा त्यात असतो, आणि बऱ्याच फोनांत तो ‘कान किती उघडा’ हाही आकडा मिळतो. नोंद करणारी ॲप फुकट आहेत. मोजणीच्या रोव्हरमध्ये तर हीच कच्ची मोजमापं साठवणारी रायनेक्स फाइल एका बटणावर निघते. पण बहुतेक जण फिक्स मिळाला की निर्देशांक उतरवून घेतात आणि बाकीचं पुसून टाकतात, जागा भरते म्हणून.

म्हणून गुलबर्गा-बीदरकडच्या मोजणीवाल्यांना आणि ज्यांची जमीन मोजली जाते त्यांनाही बाईंचं एवढंच सांगणं आहे. निर्देशांकांच्या कागदासोबत रायनेक्स फाइल मागून घ्या, त्यावर तारीख आणि वेळ लिहा, आणि निकाल लागेपर्यंत पुसू नका. दहा वर्षांनी कोर्टात बांध पुन्हा उभा राहिला, तर त्या क्षणी रिसिव्हरवर भरवसा ठेवण्यासारखी स्थिती होती की नाही, हे फक्त त्या फाइलमधून काढता येतं.